सोमवारची हाक

"बटन दाबलं का, तू बोललीस. तोंडातून शब्द निघो का न निघो. म्हणून आधी आयक, मंग दाब."

हेमराज गुरुजींचं हे सांगणं नूतनबाईंच्या कानात अजून जसंच्या तसं होतं. गुरुजींना जाऊन वर्ष होत आलं, पण कोरपन्याच्या घरात फळीवर त्यांचा रेडिओसंच अजून होता, जेवणाच्या डब्याएवढा, ऐकायचाही आणि बोलायचाही. हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा गुरुजींनी आधी स्वतः दिली, मग बायकोलाही द्यायला लावली. उगीच बटन दाबून बसलं की वाट अडते, दुसऱ्याला बोलता येत नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं. नूतनबाईंनी मात्र ते वाक्य नेमासारखं धरून ठेवलं.

नेम त्यांचे पुष्कळ. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही, पोथीचं पान वाचल्याशिवाय जेवण नाही, आणि सोमवारी दिवा लागेपर्यंत मौन. गुरुजी गेल्यावर त्यात एकाची भर पडली. रोज दिवेलागणीला रेडिओवर सोमाजी भाऊंची हजेरी.

सोमाजी भाऊ म्हणजे गुरुजींचे जुने मित्र. पोलिसांच्या वायरलेसमधून निवृत्त होऊन जिवतीच्या पहाडावर एकटेच राहत होते. तिथे मोबाइलला रेंज नाही, आणि अंगात साखरेचं दुखणं. दोघं मित्र रोज सांजेला एकमेकांना हाक द्यायचे. आज काय शिजवलं, बकरी कुठे हरवली, असलंच बोलणं. शेवटच्या आजारात गुरुजींनी बायकोचा हात धरून म्हटलं होतं, "सोमाजी बोलला नाई, त पाहून येजो. रेडिओनं नाई, पायानं." नूतनबाईंनी मान डोलावली होती.

सोमवारी दुपारी त्यांनी संच अंगणात काढला. घरात इन्व्हर्टरची भुणभुण रेडिओत शिरते, म्हणून ऐकायचं तर बाहेरच बसावं लागे. अँटेनाची तार घरापासून शेवग्यापर्यंत बांधलेली. शेजारच्या सोनीबाई तिच्यावर लुगडं वाळत घालायच्या आणि वर विचारायच्या की देवाशी बोलायला एवढी लांब तार कशाला लागते. त्या दिवशीही लुगडं होतंच. ते काढून घडी करत असतानाच संचातून आवाज आला, खोल विहिरीतून यावा तसा.

"नूतनबाई, सोमाजी बोलून राह्यलो. आयकू येते का? नूतनबाई..."

ही काही हजेरीची वेळ नव्हती. सोमवारी दुपारी त्या बोलत नाहीत, हे सोमाजी भाऊंना पक्कं ठाऊक होतं. तरी हाक आली होती. नूतनबाईंनी माइक उचलला. अंगठा बटनावर ठेवला. ऐकलं एवढं कळवायला न बोलता दोनदा नुसतं बटन दाबून सोडलं तरी पुरतं, हे गुरुजींनीच शिकवलेलं. पण बटन दाबलं का, तू बोललीस, हेही त्यांचंच. अंगठा तसाच राहिला. पुढचे शब्द खरखरीत बुडाले, पाय की काय असं काहीतरी ऐकू आलं, आणि मग काहीच नाही. दिवा लागायला असा किती वेळ आहे, तेव्हा विचारू, असं त्यांनी मनाला समजावलं.

दिवा लावून, देवाचं नाव घेऊन त्यांनी मौन सोडलं आणि लगेच हाक दिली. उत्तर नाही. तेवढ्यात वीज गेली, इन्व्हर्टर सुरू झाला, अंगणातही संच नुसता भुणभुणायला लागला. त्याच्यामुळेच ऐकू येत नसेल, असं म्हणत त्या अंथरुणावर पडल्या. डोळा काही लागला नाही.

सकाळी तुळशीला पाणी घालून, चहा न घेता, त्या संच, बॅटरी आणि तारेची दुसरी गुंडाळी पिशवीत घालून शेतावर गेल्या. तारेच्या टोकाला गोटा बांधून मोहाच्या फांदीवरून फेकला. दुसऱ्या फेकीत तार बसली. इथे भुणभुण नाही, कपाशीवरून येणारा वारा तेवढा. त्यांनी आधी ऐकलं, मग सोमाजी भाऊंना हाक दिली. उत्तर आलं ते बिरजूचं. हा राजुऱ्याकडचा रेडिओवाला, कधीमधी गप्पा मारणारा. काल दुपारी आपणही ते बोलणं ऐकलं, असं त्यानं आपण होऊन सांगितलं. सोमाजी भाऊंच्या पायाची जखम चिघळली होती, ताप होता, आणि बॅटरी संपत आली होती.

"मंग तू काऊन नाई बोललास, बिरजू?"

"तुमचंच नाव घेऊन राह्यले होते ना, बाई. दुसऱ्याच्या हाकेत मधात शिरू नाई. मले वाटलं, तुमी उत्तर देऊन राह्यल्या असान, मलेच आयकू येत नाई."

नूतनबाईंनी माइक मांडीवर ठेवला. दोन माणसांनी ती हाक ऐकली होती, आणि दोघांनीही आपापला नियम पाळला होता.

बांधावरूनच त्यांनी पहाडावरच्या नर्सबाईंना फोन लावून पाहिला; तिथेही रेंज नसावी, लागला नाही. सिमेंटच्या कारखान्यात ड्युटीवर असलेला मुलगा मिथुन म्हणाला, मी सांजेला येतो, मग गाडीनं जाऊ, एकटी निघू नको. त्यांनी बरं न म्हणताच फोन ठेवला.

बोलायला बॅटरी फार लागते, ऐकायला थोडीशीच पुरते. सोमाजी भाऊंचा संच कदाचित अजून ऐकत असेल. नूतनबाईंनी पुन्हा माइक तोंडाजवळ धरला आणि बटन दाबलं.

"सोमाजी भाऊ, काल मी आयकलं होतं. येऊन राह्यली."

बटन सोडलं. खरखर तेवढी आली. तरी थोडा वेळ त्या कान लावून बसल्या, मग तार उतरवून नीट गुंडाळली.

घरी येऊन त्यांनी पिशवीत चार्ज केलेली जास्तीची बॅटरी, जखमेचं औषध, पट्ट्या आणि डबा ठेवला. देवघरासमोर पोथी उघडी होती. सून दिव्यानी बघत राहिली.

"आई, पान राह्यलं ना तुमचं. चहाबी नाई घेतला."

"तू वाच आज. सांजेचा दिवाबी तूच लाव."

दिव्यानीनं पोथी पुढे ओढली. वाचणं सुरू झालं तसं नूतनबाईंनी बाहेरूनच हात जोडले, पिशवी खांद्याला लावली आणि जिवतीला जायला आधी गडचांदूरची गाडी धरायची म्हणून फाट्याच्या वाटेला लागल्या.