चाळीस फूट पाण्याखालची विहीर

जमिनीवरचा माणसाचा हक्क चंद्र-सूर्य असेपर्यंत टिकतो. त्याला सरकार, धरण आणि चुलतभाऊ या तिघांपैकी कोणीही धक्का लावू शकत नाही. हा सिद्धांत धर्माजीने रविवारी सकाळी नऊ वाजता एका पाणकावळ्याला ऐकवला. ऐकवताना तो स्वतः त्या जमिनीच्या चाळीस फूट वर होता. मध्ये धरणाचं पाणी, पाण्यावर हवा भरलेली नारिंगी फळी, आणि फळीवर सदुसष्ट वर्षांचा धर्माजी, गुडघे वाकवून, एका हातात वल्हं आणि दुसऱ्या हातात गळाची काठी धरून. त्याच्या मांड्या मळणीयंत्रावर ठेवलेल्या डब्यासारख्या थरथरत होत्या.

पाणकावळा जाळ्याच्या तरंगत्या डब्यावर बसला होता. तो उडून गेला.

पाणकावळ्याला सांगण्याचं कारण दहा हातांवर निळ्या फळीवर उभं होतं. त्याचं नाव हौशीराम. धर्माजीचा चुलतभाऊ, दोन वर्षांनी धाकटा, आणि गेली बारा वर्षं दोघांत अबोला. अबोल्याची शिस्त अशी, की समोरच्याला जे ऐकवायचं ते तिसऱ्याला सांगायचं. गावात तिसरा माणूस मिळतो. पाण्यात जे मिळेल त्यावर भागवावं लागतं.

“काही लोकांना लाजच न्हाई,” हौशीराम आपल्या वल्ह्याला म्हणाला. “दुसऱ्याच्या विहिरीवर सकाळी सकाळी येऊन उभी ऱ्हात्यात.”

विहीर खरोखरच खाली होती. धरण होण्याआधी दोघांच्या बापांनी, म्हणजे दोन सख्ख्या भावांनी, ती खोदली. धर्माजीच्या मते खोदली त्याच्या बापाने. चुलता काठावर बसून मतं देत होता. हौशीरामच्या मते नेमकं उलट. पाण्याची पाळी चार-चार दिवसांची ठरली होती. मग धरणाची दारं बंद झाली. पाणी चढत चढत विहिरीला भिडलं तेव्हा पाळी हौशीरामच्या घरची होती आणि तिचे दोनच दिवस झाले होते. उरलेले दोन दिवस हौशीराम तेव्हापासून मागत होता. सरकारने गाव उठवलं, वर नेऊन बसवलं, बदल्यात जमीन दिली, दाखले दिले. पाळीच्या दोन दिवसांबद्दल कोणत्याही कागदात चकार शब्द नव्हता.

मध्ये एका दुष्काळात धरण तळाला गेलं आणि विहिरीचा दगडी कठडा उघडा पडला. दोघं भाऊ बायकांना घेऊन बघायला गेले. पहिली पाच मिनिटं दोघांचे डोळे पाणावले. सहाव्या मिनिटाला भांडण झालं. अबोला तो तेव्हाचा.

जाता जाता दोघांनी जागेच्या खुणा मात्र घेऊन ठेवल्या. धर्माजीने एका बाजूला नारायणगडाचं टोक धरलं आणि दुसऱ्या बाजूला मारुतीचा कळस. हौशीरामने खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकडीची कड धरली. ती तबकडी आकाशातलं काहीतरी ऐकत दिवसभर मान वळवत असते, त्यामुळे हौशीरामची विहीरही दिवसभर जागा बदलते. सकाळी नऊच्या सुमाराला तेवढ्या दोन्ही विहिरी एकत्र येतात.

इतकी वर्षं याचा कोणाला त्रास नव्हता, कारण तिथवर जायला कोणाकडे काही नव्हतं. मग धर्माजीची सून हर्षाली हिने काठावर तंबू टाकले. पुण्याचे पाहुणे येऊ लागले आणि त्यांच्यासाठी तिने हवा भरायच्या फळ्या मागवल्या. पॅडल बोर्ड. गुंडाळली की पाठीवरच्या पिशवीत मावते आणि पंप मारला की पाटासारखी टणक होते. धर्माजीने आठ दिवस त्या फळ्यांची टिंगल केली. नवव्या दिवशी तो तीन वेळा पाण्यात पडला. पंधराव्या दिवशी विहिरीवर पोचला, कणकेचा गोळा लावून गळ सोडला आणि दोन किलोचा कटला घेऊन परतला. बुडालेल्या कठड्याच्या कपारीत मासा वस्तीला असतो. बातमी गावभर झाली तेव्हा कालवण चुलीवरच होतं. सोळाव्या दिवशी हौशीरामने मोबाइलवरून निळी फळी मागवली.

तर आज दोघंही विहिरीवर. वाऱ्याने वाहून जाऊ नये म्हणून धर्माजीने फुटक्या जात्याची तळी दोरीला बांधून खाली सोडली होती. हौशीरामने तराजूचं पाच किलोचं लोखंडी माप सोडलं होतं. दोन्ही दोऱ्या बहुधा एकाच कठड्याला अडकल्या, कारण झुळूक आली की दोन्ही फळ्या एकमेकींकडे सरकत आणि दोन्ही भाऊ तोंडं फिरवत.

फळीवर वैर धरणं सोपं नसतं. हात उगारला की फळी विरुद्ध बाजूला पळते. शिवी द्यायला छाती भरून घेतली तरी गुडघे दगा देतात. जे काही म्हणायचं ते कमरेत वाकून, अगदी अदबीने उभं राहून म्हणावं लागतं.

साडेनऊला हौशीरामची काठी वाकली. मासा मोठा होता. तो धर्माजीच्या फळीखालून पलीकडे गेला, वळला, धर्माजीच्या गळाची दोरी घेऊन परत आला आणि दोन्ही गळांसकट विहिरीत उतरला. दोन्ही काठ्या एकदम सरळ झाल्या, आणि दोघांनी त्या पायाशी टाकल्या.

“घालवलास माझा मासा,” हौशीराम म्हणाला. बारा वर्षांचा अबोला असा सुटला.

“माझ्या विहिरीतला मासा. घालवीन न्हाईतर ठिवीन.”

“तुझी विहीर? तुझ्या बापानं टिकाव धरला व्हता का कधी?”

“तुझ्या बापानं चिलीम सोडून काय धरलं व्हतं ते सांग आधी.”

“माझ्या पाळीचं दोन दिवस राह्यल्यात. आज अन् उद्या. तू निघ हितनं.”

“तुझी पाळी पाण्यात गेली, हौशा. तिच्यामागं तू बी जा.”

“मी जात न्हाई.”

“मी तर हलत बी न्हाई.”

“मग ठरलं,” हौशीराम म्हणाला. “जो आधी हलंल त्याची विहीर गेली. पुन्यांदा नाव घ्यायचं न्हाई.”

“अन् बसायचं बी न्हाई. उभ्यानं.”

“उभ्यानं.”

ठरलं खरं, आणि धर्माजीने वल्हं दोन्ही हातांनी धरलं. त्याला आठवत होतं, शेवटच्या आजारात बाप वर्षभर खाटेवर होता. रोज तिन्हीसांजेला एकच विचारायचा, “धर्मा, आपली पाळी कधी लागती?” धर्माजी सांगायचा, “उद्या.” बाप डोळे मिटायचा. ही गोष्ट धर्माजीने बायकोला, चिमाबाईलासुद्धा सांगितली नव्हती, कारण ती सांगितली की विहिरीला दोघांची पाळी होती हे कबूल होत होतं. विहीर सोडली तर बापाला वर्षभर दिलेला शब्द खोटा. पाळी मानली तर विहीर एकट्या आपल्या बापाची, असं स्वतः पन्नास वर्षं सांगितलं ते खोटं. त्यामुळे उभं राहण्याला पर्याय नव्हता.

साडेदहा झाले. दुर्बिणीने मान वळवली. हौशीरामच्या खुणेप्रमाणे विहीर आता पंधरा हात डावीकडे गेली होती. हे धर्माजीने त्याला दाखवून दिलं.

“आज बंद असंल ती दुर्बीण,” हौशीराम तिकडे न बघता म्हणाला.

“सरकारी हाय. बंद कशी असंल?”

“सरकारी हाय म्हणूनच म्हंतो.”

काठावर तंबूतले पाहुणे जमले होते. वीस-पंचवीस माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. दोन वयस्कर गृहस्थ पाण्यावर तास-दीड तास गुडघे वाकवून, एकमेकांच्या डोळ्यांत बघत स्थिर उभे आहेत, हा इथला काही जुना योगाचा प्रकार असावा असं त्यांना वाटलं. एका बाईंनी हर्षालीला विचारलं, हे रोज असतं का. हर्षालीने सासऱ्याकडे एकवार बघितलं आणि सांगितलं, “फक्त रविवारी.”

बाराला चिमाबाई काठावर आली. पदर खोचून तिने हाक मारली. पाण्यावरून आवाज लांब जातो.

“अवो, पिठलं गार व्हतंय.”

“होऊ दे.”

“भावजी, तुमी तरी या. तुमी शहाणं म्हणून तुमाला सांगती.”

“वहिनी, आधी त्याला न्या.”

“मला दोघं बी नकोत,” चिमाबाई म्हणाली. “मी जेवती.” आणि ती गेली.

दीड वाजला. ऊन डोक्यावर आलं. दोघांचंही बोलणं आता तुटक झालं होतं, पण त्याची धार कमी झाली नव्हती. हौशीरामने धर्माजीच्या थोरल्या मुलाच्या नोकरीचा विषय काढला. धर्माजीने हौशीरामच्या जावयाचा काढला. हौशीरामने धर्माजीच्या बैलाने सत्तर-बहात्तर साली खाल्लेल्या भुईमुगाचा काढला.

“बैल मेला,” धर्माजी म्हणाला.

“भुईमूग बी मेला. तुझ्या बैलाच्या पोटात.”

 यावर धर्माजीकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण सकाळी निघताना त्याने दोन कप चहा आणि तांब्याभर पाणी घेतलं होतं, डॉक्टरने साखरेच्या आजारावर दिलेली गोळीही घेतली होती, आणि गेला अर्धा तास त्याचं सगळं लक्ष एकाच ठिकाणी एकवटलं होतं. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देऊ लागला. फळी डावी-उजवीकडे डुलू लागली.

हौशीरामने ते हेरलं. लहानपणी एका ताटात जेवलेल्या माणसापासून असल्या गोष्टी लपत नाहीत. त्याने आपलं वल्हं सावकाश उचललं आणि तिरकं धरलं. वल्ह्यावरून पाण्याची बारीक धार धरणात पडत राहिली. संपली तसं त्याने वल्हं पुन्हा बुडवलं आणि पुन्हा उचललं.

“बंद कर ते,” धर्माजी म्हणाला.

“काय?”

“धार.”

“माझ्या पाळीचं पाणी हाय. मला वाटंल तसं सोडीन.”

धार पडत राहिली. धर्माजीने आकाशाकडे बघितलं, नारायणगडाकडे बघितलं, देवळाच्या कळसाकडे बघितलं. कशाचाच उपयोग झाला नाही. काठावर जावं तर विहीर जाते. बसावं तरी जाते. उभ्याने करावं तर दोन्ही हात वल्ह्यावरून काढायला लागतात. हात काढले की फळी उलटते, आणि पाण्यात पडणं म्हणजे हलणंच. शिवाय काठावर पंचवीस मोबाइल त्याच्यावर रोखलेले, आणि त्यांच्या मधोमध सून.

झुळूक आली. खालच्या दोऱ्या ताणल्या आणि निळी फळी येऊन नारिंगी फळीला टेकली. दोघा भावांत आता हातभर अंतर होतं. हौशीरामच्या वल्ह्याची धार धर्माजीच्या पायाजवळ पडत होती.

“तुझ्यासारखा नीच माणूस आपल्या भावकीत झाला न्हाई,” धर्माजी दात आवळून म्हणाला.

“झाला की. तुझा बाप.”

“मरंपर्यंत तुझ्या दारात पाय ठिवणार न्हाई.”

“बोलावलंय कुणी?”

“माझ्या मयताला बी येऊ नगंस.”

“मला त्या दिवशी काम हाय.”

धर्माजीने डोळे गच्च मिटले. उघडले. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाला,

“हौशा, फळी धर जरा. अन् काठाच्या बाजूनं आडोसा कर.”