पुढं चालणाऱ्याचे कान

“थांब म्हनलं ना मी!”

“कवा म्हनलं? तोंडातून शब्द तं निंगाला नाई तुमच्या.”

“तोंडानं नाई, हातानं. एक थाप म्हंजे थांब, दोन थापा म्हंजे चाल. मनगट दाबलं का जागच्या जागी खाली बस. किती खेपा सांगू?”

अंगणात आमचे हे पुढे, मी मागे, आणि माझं मनगट यांच्या हातात. पाठीवरच्या पिशवीत तीन किलो हरभऱ्याची डाळ, कारण ओझ्याची सवय व्हायला हवी. कुंपणापलीकडे पार्बताबाई भांडी घासता घासता हे सगळं बघत होती. तिच्याच्यानं काही राहवलं नाही.

“काय वो शालूबाई, पुन्हा लगन लागून राह्यलं का?”

“हो, ये जेवाले,” मी म्हटलं.

हे काही हसले नाहीत. जंगलात बोलायचं नसतं, असं म्हणून मला पुन्हा तुळशीपासून... छे, आमच्याकडे कुठली तुळस, नळापासून फाटकापर्यंत चालवलं.

आमचे हे, म्हणजे शेषराव, वनरक्षक होते. बत्तीस वर्षं मेळघाटात बीटवर. बीट म्हणजे प्रत्येक गार्डच्या वाट्याला आलेला जंगलाचा तुकडा, तो रोज पायी फिरायचा. मी इकडे हिवरखेडला, आमच्या प्रियदर्शनीला शाळेत घालत, वाढवत. गच्चीवर गेलं की समोर सातपुडा दिसतो. निळा, जवळ, हात लावावा असा. पण बत्तीस वर्षांत त्यात माझं एक पाऊल पडलं नाही. दर बुद्धपौर्णिमेला सगळं गाव पांढरे कपडे घालून विहारात, आणि आमचे हे पाणवठ्यावर मचाणात बसून जनावरं मोजणार. कारण त्या दिवशी चांदणं लख्ख असतं ना! लोक विचारायचे, शेषराव नाही आले? मी खीर वाढता वाढता सांगायची, आले ना, अस्वलाच्या पंगतीला गेले.

यांचं एकच उत्तर असायचं. “रिटायर झालो का तुले नेतो. जीपमध्ये नाई, पायी. जंगल पायीच पाहाव लागते.”

झाले रिटायर. त्याला दोन वर्षं होऊन गेली.

पहिल्याच आठवड्यात यांनी प्रियदर्शनीची जुनी वही काढली आणि यादी केली. शहानूरच्या गेटवरून नरनाळ्याच्या किल्ल्याकडे चढणारी पायवाट, कुठे बसायचं, कुठे पाणी, सगळं नकाशा काढून लिहिलं. खाली सामान. बूट दोन जोड, काठी, गूळ-शेंगदाणे, मीठ, चिंध्या, काडीपेटी. मी हुरळून गेले. अकोल्याला जाऊन बूट आणले, कॅनव्हासचे, पायाला लागत होते तरी कुणाला सांगितलं नाही.

मग सुरू झाली टाळाटाळ. दिवाळीनंतर जाऊ. थंडी उतरू दे. मोहाची फुलं पडली, आता अस्वलं फिरतात. पावसाळ्यात तर जाताच येत नाही. प्रत्येक वेळी यादीत एक आकडा वाढायचा. अडतिसावा आकडा होता शिट्टी. एकेचाळिसावा, शिट्टीला दोरी. पोरीच्या लग्नाची यादी एवढी मोठी नव्हती हो आमच्या!

आणि दुसरा वैताग म्हणजे हा माणूस माझं ऐकेनासा झाला होता. स्वयंपाकघरातून मी बोंबलतेय, ताट वाढलं म्हणून, आणि हे ओसरीत ढिम्म. टीव्ही असा की पार्बताबाईला तिच्या घरात बसून बातम्या कळाव्यात. मी चिडायची. एकदा तर म्हणून गेले, “जनावराईचं आयकलं जलमभर, बायकोचं आयकाले कान नाईत तुमाले!” हे नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग उठून गोठ्याकडे गेले.

मग एक दिवस. अंगणातला सराव पुरे, आता सडकेवर, असं ठरलं. सकाळी किसनरावांच्या शेताकडे निघालो. हे पुढे, मी डाळ घेऊन मागे. तेवढ्यात बांधावरून मोर ओरडला. असा ओरडला की माझं काळीज हललं. यांच्या कानांचं जंगलखात्यात नाव होतं. सांबर ओरडलं तर ते वाघाला भिऊन की बिबट्याला, हे शेषराव झोपेतून उठून सांगतात, असं त्यांचे सोबती मला घरी येऊन सांगायचे. म्हणून मी गंमत केली.

“सांगा गार्डसाहेब, कोन वरडलं?”

हे चालतच राहिले.

“अजी, मी इचारून राहिली! कोन वरडलं?”

काही नाही. मोर पुन्हा ओरडला, दोनदा. मान हलली नाही, पाऊल अडखळलं नाही. आता मात्र माझं डोकं फिरलं. पिशवी खाली टाकली, धावत पुढे जाऊन आडवी उभी राहिले आणि तोंडाला पदर लावून, दम खात म्हटलं, “मी काय भित्तीशी बोलून राहिली का?”

यांनी हळूच माझा पदर तोंडावरून बाजूला केला.

“आता बोल,” म्हणाले.

त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. दोन वर्षं तिथेच होती, आणि मला वाटायचं, म्हातारपणी हा माणूस माझ्याकडे बघायला शिकला.

पुलाच्या कठड्यावर बसलो.

“कवापासून?”

“नोकरीच्या शेवटच्या सालापासून. पहिले बारीक आवाज गेले. पाखरं, रातकिडे. मले वाटलं, यंदा पाखरंच कमी हायेत.” हे स्वतःशीच हसले. “मंग एक दिवस बीटवर अस्वल समोर आलं, वीस हातांवर. मांगून महादेवराव चौकीदार वरडून राहिला, वानरं वरडून राहिले, मले काईच नाई. त्यानं कॉलर धरून वढलं म्हनून बसलो हाओ इथी. दुसऱ्या दिवशी साहेबाले म्हनलं, गुडघे दुखतात, गेटवर टाका मले. तवापासून जंगलात पाय नाई ठेवला.”

“आन मले नेतो म्हनून सांगून राहिले!”

“न्यायचं हाय ना. म्हनून तं नेलं नाई. माह्या एकट्याचं काई नाई शालू. पन तू मांगं अशीन, आन पुढं चालनारा मी.”

एकेचाळीस आकडे! मला रडू यायला लागलं. ते गोठ्याकडे उठून गेले ती संध्याकाळ डोळ्यासमोर आली आणि स्वतःच्या जिभेची लाज वाटली. मी तसं सांगितलं यांना, तोंड समोर धरून, नीट. हे म्हणाले, “जाऊ दे, मले तवा अर्धंच समजलं होतं.”

“डॉक्टरले दाखवलं का?”

“प्रियूनं दाखवलं.”

म्हणजे पोरीला माहीत! अकोल्याला दवाखान्यात नर्स आहे ती, बापाचे कान तपासून घेतले, मशीन घेऊन दिलं, आणि बापानं शपथ घातली म्हणून मला एका शब्दानं बोलली नाही. रडणं तिथंच थांबलं माझं. घरी आल्याबरोबर आधी तिला फोन लावून झाडली. ती आपली “आई, आयक तं खरं” म्हणत राहिली.

मशीन पेटीत, खाकीच्या खाली ठेवलेलं. लावून बघा म्हटलं तर लावलं. “आवाज येते,” म्हणाले, “पंखा, कावळा, तुह्या बांगड्या, सगळं एकदम. पन कुठून येते ते समजत नाई. घरात चालते. जंगलात तं तेच समजाव लागते.”

मी वही उघडली. यादीखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, येत्या महिन्याचा पहिला रविवार.

“मले आयकू येते ना?” मी म्हटलं.

“तुले तं पार्बताबाई मनात काय बोलते तेही आयकू येते.”

“मंग मले शिकवा.”

तीन आठवडे आमची ओसरी जंगल झाली होती. हे सांबराचा आवाज काढायचे, वानराचा काढायचे, भेकराचा काढायचे. भेकर म्हणजे एवढंसं हरीण, पण धोका दिसला की घसा बसलेल्या कुत्र्यासारखं भुकतं. “जंगलात कुत्रं नसते,” हे बजावायचे, “कुत्रं भुकलं वाटलं का समज, भेकर हाय. थांबायचं.” मग गळ्याच्या शिरा ताणून स्वतः भुकायचे आणि मला विचारायचे, “बरोबर आलं का?”

त्यांना स्वतःचा आवाज पुरता ऐकू येत नव्हता. मी जन्मात भेकर ऐकलं नव्हतं. मी म्हणायची, “एकदम बरोबर.”

ठरल्या रविवारी शहानूरला पोचलो तेव्हा संघपाल वाट बघत होता. नव्या भरतीचा गार्ड, यांच्याच हाताखाली बीट शिकलेला.

“जय भीम काका! लय दिवसांनी! काकू, तुमी नशीबवान. काकासोबत जंगल म्हंजे काय इचारता.”

यांनी मान हलवली. मशीन घरी पेटीतच होतं. नाव लिहिलं, परवानगीचा कागद दाखवला, निघालो. हे पुढे, मी मागे, माझ्या मागे संघपाल. माझं मनगट यांच्या हातात. संघपालला वाटलं असेल, म्हातारा भारी प्रेमळ आहे.

काय सांगू, काय होतं ते जंगल! सागाची पानं वाळून वाटेवर पसरलेली, ऊन वरून चाळून आल्यासारखं, आणि यांचं चालणं. बाजारात पिशवी घेऊन खुरडत चालणारा माझा नवरा तिथे पंचविशीतला पोरगा झाला होता. मातीत पायाचा ठसा दिसला की काठीनं दाखवायचे. झाडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे दाखवले. डोळे पूर्वीसारखेच होते. पण दर दहा पावलांना हातातलं बळ वाढायचं, आणि मला कळायचं की आत भीती आहे.

अर्धी चढण झाली असेल. संघपाल मागे थांबून बाटलीनं घटाघटा पाणी पीत होता. उजवीकडच्या नाल्यातून कुत्रं भुकल्याचा आवाज आला, घोगरा, एकदाच.

मला आधी वाटलं, गावातलं कुत्रं सोबत आलं की काय. मग अंगावर काटा आला. मी यांचा हात एकदा थापटला आणि उजवीकडे ओढला.

हे जागीच थांबले. उजव्या अंगाला वळले आणि हात वर केला. आता आवाज पुन्हा आला आणि या वेळी संघपालनंही ऐकला. आम्ही तिघं श्वास धरून उभे. नाल्याच्या काठची झुडपं हलली, काहीतरी काळं, जड, फुसफुसत खाली उतरून गेलं. पाठ तेवढी दिसली. वाट त्याच नाल्यातून जात होती. आणखी पन्नास पावलं गेलो असतो तर समोरासमोर गाठ पडली असती.

“काका!” संघपाल कुजबुजला. त्याचे डोळे भरले होते. “मले दुसऱ्या खेपेले समजलं, तुमी पहिलेच हात वर केला. कान अजून तसेच हायेत तुमचे! जाऊन सगळ्याईले सांगतो मी.”

मी खाली बघितलं. माझ्याकडून तर खरं काय ते कधीच बाहेर पडलं नसतं. सांगू दे त्याला सगळ्यांना, असंच मला वाटत होतं.

हे त्याच्या तोंडाकडे बघत होते. सगळं समजलं त्यांना. टोपी काढून घाम पुसला.

“माह्ये कान गेले संघपाल. तीन वर्सं झाले. आयकलं ते हिनं.”

पोरगा बावचळला. एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला.

“आन बीटवर पुढं कोनं चालाव, काय शिकवलं होतं मी तुले?”

“ज्याचे कान चांगले, त्यानं,” संघपाल हळूच म्हणाला.

यांनी माझं मनगट सोडलं. वाटेच्या कडेला सरकले, हातातली काठी माझ्या हातात दिली, आणि दोन बोटांनी माझ्या पाठीवर दोनदा थापटलं.

दोन थापा म्हणजे चाल. मी पुढे झाले. बूट चावत होते, पण मी काही बोलले नाही. मागे वाळल्या पानांवर यांची पावलं वाजत होती.