दोन जागांचा हट्ट

धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. जहाजांच्या कामासाठी उडून उडून वेल्डरकडे विमान कंपनीचे ढीगभर पॉइंट साठले होते. परदेशी अंथरुणाला खिळलेल्या थोरल्या बहिणीला, आक्काला भेटायला त्या पॉइंटांवर विमानात फुकट जागा हवी होती. अशा जागा शोधणारं ॲप त्याने महिन्याचे पैसे भरून घेतलं.

"पैसे घेऊन रोज नन्नाचा पाढा वाचतंय मेलं!" तो करवादला.

"मला सोडून जायचं नाही हं," बायको म्हणाली. "आक्कांनी दोघांना बोलावलंय."

तिसऱ्या महिन्यात वैतागून त्याने दोन जागांऐवजी एकच मागितली. लगेच अकरा विमानं दिसली.

"इतके दिवस कुठे तडमडली होती ही विमानं?"

बायको वरमली. "जा तुम्ही एकटेच."

त्याने शुक्रवारची जागा घेतली. आक्का त्याआधीच, बुधवारी सकाळी वारली.