भिंतीकडे तोंड केलेला आरसा

शुक्रवारी दुपारी चार वाजता माझा भाऊ प्लामेन तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजला. डोळे मिटलेले, एक हात कानाशी. आवाज तेवढा तुटत तुटत पुढे आला, "देनित्सा... दिसतंय का... आई कुठे..." मग तोही गेला. लॅपटॉपच्या पडद्यावर गोल फिरणारं चक्र राहिलं.

"दफनाच्या दिवशीही असाच अडकला होता," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

त्या दिवशी स्मशानात फोन मी धरला होता. प्लामेन टोरांटोत आहे. तिथे राहण्याचे कागद हाती येण्याआधी तो बल्गेरियात आला असता तर त्याला परत जाता आलं नसतं. म्हणून त्याने फोनवरून पाहायचं ठरलं. त्याला पाद्रीबुवांची बाही दिसली, आणि पुढची वीस मिनिटं तीच बाही दिसत राहिली. माझ्या भावाने वडिलांचा निरोप घेतला तो एका बाहीकडे बघत.

आईला आता ते पुन्हा व्हायला नको होतं. बाबा गेल्यानंतरच्या चाळिसाव्याच्या जेवणाला प्लामेन बसेल, बाबांच्याच लॅपटॉपवर, टेबलाच्या टोकाला, सगळ्यांबरोबर. तिने शेजाऱ्यांनाही तसं सांगून ठेवलं होतं. जेवण रीतीप्रमाणे चाळिसाव्या दिवसाआधीच्या शनिवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी होतं.

बाबांनी एकतीस वर्षं आमच्या गावच्या, सेव्हलिएव्होच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये बिघाड दुरुस्तीचं काम केलं. तरीही गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी दहा वाजता मला व्हिएन्नात त्यांचा फोन यायचा.

"तातेऽ, पुन्हा हळू चालतंय गं. काय करू?"

आमच्याकडे वडील मुलांना 'ताते' म्हणतात, म्हणजे बाबा. स्वतःची हाक लेकराला देऊन टाकतात. माझ्यासमोर तेव्हा बहुतेक कुणाच्या तरी पुस्तकाची मुद्रितं पसरलेली असायची. मी नजर न उचलता म्हणायचे, "राउटरचा प्लग काढा, तीसपर्यंत मोजा, परत लावा."

"मोजतो. तू फोन ठेवू नकोस."

आणि ते मोठ्याने मोजायचे. फार सावकाश. चौदा आणि पंधराच्या मधे विचारायचे, जेवायला काय केलंयस. बाविसाव्यावर सांगायचे, समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांतला कोण आता येत नाही. तिसाला म्हणायचे, "आलं!" मला वाटायचं, एक्सचेंजमधला माणूसही शेवटी म्हातारा होतोच.

आता मी तेच केलं. पॅसेजमध्ये दाराजवळच्या फळीवर राउटर होता, त्याचा प्लग काढला. तीसपर्यंत मोजलं, मनात. परत लावला. काही फरक नाही.

लॅपटॉप छत्तीस दिवस बंद होता. उघडल्याबरोबर त्याने साचलेले सगळे अपडेट उतरवून घ्यायला घेतले होते, ते मी थांबवले. वाटलं, सापडलं. प्लामेनला पुन्हा लावला. तो आला, "आत्ता बघ..." म्हणाला आणि कॉफीचा कप ओठांशी नेऊन तसाच राहिला.

मग फोन हातात घेऊन मी वेग मोजत घरभर फिरले. राउटरपाशी सत्तेचाळीस. चार पावलं पुढे आले, आणि मोठ्या खोलीच्या दारात तीन.

"वायर लाव की," स्वयंपाकघरातून दोना आत्या म्हणाली. ती बाबांची मोठी बहीण. उद्याच्या उकडलेल्या गव्हांत घालायला अक्रोड फोडत बसली होती. "ल्युबेनकडे वायरी कमी होत्या होय? त्याच्या वायरींत माझी मांजर एकदा दोन दिवस अडकली होती."

खोक्यात वायर शंभर मीटर होती, पण तिला टोकं लावलेली नव्हती. टोकं लावणारा माणूस गेला होता. राउटर हलवावा तर बाहेरून येणारी वायर बाबांनी इतकी मापात, खिळ्याखिळ्याने भिंतीला बसवलेली की एक वीत ढिलाई नव्हती.

"आई, लॅपटॉपच पॅसेजमध्ये ठेवला तर? राउटरजवळ छान चालतंय."

आई हात पुसत दारात आली. "अठरा माणसं आत जेवणार आणि माझा मुलगा दाराशी चपलांपाशी बसणार? वीजबिलवाला आहे का तो?"

मी परत लॅपटॉपसमोर बसले. करण्यासारखं काही उरलं नाही की माणूस पडद्यावर जे दिसेल ते उघडून बघतो. कोपऱ्यात 'मोजमाप' नावाची फाइल होती. उघडली.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली तारीख. बाबांनी तक्ता केला होता, एक्सचेंजच्या नोंदवहीत करायचे तसाच. स्वयंपाकघर ४६. झोपायची खोली ३१. मोठी खोली ३. त्याखाली लिहिलं होतं: 'कारण: पॅसेजमधला आरसा. काचेमागचा मुलामा धातूचा, सिग्नल परतवतो. उपाय: आरसा झोपायच्या खोलीत हलवला. मोठी खोली ४९. दुरुस्ती पूर्ण.'

शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. त्यात दोन ओळी.

'दोनाला सांगायचं: झोपायच्या खोलीत जास्त शोभतो.'

'देनित्साला: काही सांगायचं नाही.'

पहिल्यांदा वाचताना मी दुसऱ्या ओळीवरून पुढे गेले. मग परत आले. दोन वर्षांपूर्वीचा मार्च. रविवारचे फोन त्यानंतरचे होते. सगळेच्या सगळे.

मागे आई उभी होती. तिने कपाळावरचा चष्मा खाली घेतला होता. पॅसेजमध्ये आता काय उभं आहे ते आम्हा दोघींनाही दिसत होतं.

बाबांनी प्राण सोडला तो झोपायच्या खोलीतच. दोना आत्या सगळ्यांत आधी पोचली आणि रीतीप्रमाणे घरातले आरसे झाकत सुटली. मोठा आरसा तर त्यांच्या पलंगासमोरच होता. ओकच्या चौकटीचा, माणसापेक्षा उंच, आईबाबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा आत्यानेच दिलेला. तो तिने शेजारच्या माणसाला घेऊन ओढत बाहेर आणला आणि तोंड भिंतीकडे करून पॅसेजमध्ये टेकवला. त्याच्या जुन्या जागी. राउटरच्या फळीला अगदी चिकटून.

"आत्या, आरसा हलवायला हवा," मी म्हणाले.

अक्रोड फुटायचे थांबले. "मंगळवारी."

"जेवण उद्या आहे."

"जेवण उद्या, चाळिसावा दिवस मंगळवारी. तोपर्यंत तो या घरात येतोय-जातोय. हलवाहलवीत आरसा त्याच्या समोर आला तर आत अडकेल बिचारा. तुमच्या व्हिएन्नात मेलेले लिफ्टने वर जात असतील, मला ठाऊक नाही."

"त्यामुळेच इंटरनेट चालत नाहीये."

"इंटरनेटला आरशाचं वावडं! हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"बाबांनी लिहिलंय."

मी लॅपटॉप उचलून तिच्यासमोर, अक्रोडाच्या टरफलांत ठेवला. तक्ता वाचून दाखवला. आकडे, कारण, उपाय. मग तिच्याबद्दलचा शेरा. खालची ओळ वाचली नाही.

आत्याने हातातला अक्रोड खाली ठेवला.

"शोभतो म्हणे," ती म्हणाली. "गाढव. मला तेव्हाच वाटलं होतं यात काहीतरी आहे. अन् दोन वर्षं मी वेसेलाला टोमणे मारतेय, की हिला माझा आरसा डोळ्यांसमोर नको."

"मारलेस खरे," आई म्हणाली.

"मग बोलायचं नाहीस?"

"त्याने बोलू नको सांगितलं होतं. म्हणाला, दोनाला तांत्रिक कारण पटायचं नाही, तुझा राग पटेल. कारण कसलं ते मीही कधी विचारलं नाही."

आत्या हसायला लागली आणि हसताहसता तिला डोळ्यांना लावायला टेबलावरचा फडका शोधावा लागला. पण डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "तरी मंगळवारच."

आई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. आई कधी वाद घालत नाही. आमच्या घरात तो विभाग बाबांकडे होता.

"दोना," ती म्हणाली, "बर्फात खांबावर चढून त्याने लोकांच्या लायनी जोडल्या. नाताळच्या जेवणावरून उठून गेलाय. आता तो घरात फिरतोय म्हणतेस ना? मग स्वतःच्या मुलाची लाइन तुटलेली त्याला दिसतेय. असा मंगळवारपर्यंत फिरेल तो? आणि मंगळवारी शांतपणे जाईल?"

बाहेर कुणीतरी गालिचा झोडपत होतं. आत्याने तळहातावरची अक्रोडाची सालं एकेक करून वेचली, वाटीत टाकली.

"पांढरी चादर आण," ती मला म्हणाली. "इस्त्रीची. घडी न मोडलेली."

चादर आरशाच्या तोंडावरून घेताना तिने मला डोळे मिटायला लावले. स्वतः आंधळ्यासारखी चाचपत चारही टोकं मागे बांधली. मग आम्ही तिघींनी तो उचलला. कल्पनेपेक्षा खूप जड होता. आत्या पुढे, उलट्या पावलांनी, आणि रिकाम्या पॅसेजशी बोलत:

"ल्युबेन, बाजूला हो जरा. आम्ही तुझंच काम करतोय. डोळे मीट, मी सांगेन तेव्हा उघड. वेसेला, तुझं टोक वर घे! हे चौकटीला घासतंय, चांगल्या ओकचं आहे ते, रस्त्यावर पडलेलं नाही."

झोपायच्या खोलीत, पलंगापासून दूर, तोंड भिंतीकडे करून आरसा टेकवला. मी मोठ्या खोलीत जाऊन वेग मोजला.

"अठ्ठेचाळीस."

"त्याने किती लिहिलंय?" आईने विचारलं.

"एकोणपन्नास."

"एक चादरीने खाल्ला," आत्या म्हणाली आणि अक्रोडांकडे परतली.

शनिवारी स्मशानातून परत आलो तेव्हा साडेबारा वाजत होते, टोरांटोत पहाटेचे साडेपाच. टेबलाच्या टोकाला, दोन उश्यांवर लॅपटॉप ठेवला होता. प्लामेन काळा शर्ट घालून बसला होता, दाढी केलेली, केस ओले. त्याच्यासमोर ताटली होती. त्याने रात्रीच गहू उकडून ठेवले होते, आईला फोनवर दहा वेळा विचारून.

"फार गाळ झालेत," तो म्हणाला.

"दिसतंय," आई म्हणाली. तिला खरोखरच दिसत होतं. ती पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासाने काचेवर वाफ धरली. "बारीक झालायस. शर्टचं वरचं बटण लाव."

त्याने लावलं. त्याच क्षणी. मधे काहीच अडकलं नाही.

सगळ्यांनी एकेक चमचा गहू घेतले आणि म्हटलं, देव त्याला क्षमा करो. प्लामेनही म्हणाला, आमच्याबरोबर, आधी नाही की नंतर नाही. मग राकियाचे, आमच्याकडच्या फळांच्या दारूचे, ग्लास भरले. पहिला घोट सगळ्यांनी जमिनीवर सांडला. आणि प्लामेनने, इतकी वर्षं दूर राहून रीत विसरल्यामुळे असेल किंवा एवढी माणसं एकदम दिसल्यामुळे असेल, आपला ग्लास सवयीने पुढे केला, आमच्या ग्लासांना भिडवायला.

"खबरदार!" दोना आत्या ओरडली. "मेलेल्यासाठी ग्लास आपटतात का रे? काय लग्नाला आलायस?"

त्याचा हात तिथेच थांबला, काचेच्या एक बोट अलीकडे.

"चुकलो आत्या," तो म्हणाला, आणि चेहरा झाकून रडायला लागला. सदतीस दिवसांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. तो नेहमी त्याआधीच थिजायचा. आत्याने उठून लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला, माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा, आणि तो शांत होईपर्यंत काढला नाही.

मंगळवारी आरसा सरळ केला. बुधवारी मी व्हिएन्नाला परतले.

रविवारी दहाच्या सुमाराला मी टेबलाशी बसले होते. मुद्रितं उघडी होती. लॅपटॉप चालू होता. मी मजकुराची एक ओळ चार वेळा वाचली. दहा वाजून गेले. मग मी आईला फोन लावला.

"आई, माझ्याकडे इंटरनेट फार हळू चालतंय. काय करू?"

सेव्हलिएव्होच्या स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता तो मला ऐकू आला. बाबांनी दुरुस्त करायचा राहिलेला.

"प्लग काढलास?" आईने विचारलं.

"काढते."

राउटर हिरव्या दिव्यांनी लुकलुकत होता, काही एक बिघाड नसलेला. मी उठले आणि त्याचा प्लग काढला.

"आता तीसपर्यंत मोज," आई म्हणाली. "मोठ्याने. आणि सावकाश, मला कुठे जायचं नाहीये."