तुम्ही एक विमान आहात की दोन?

दातांचे डॉक्टर आणि त्यांचे सासरे यांचं भांडण असं कधी झालंच नाही, कारण भांडायला निदान एकाने तरी दुसऱ्याचं ऐकावं लागतं. सासरे निवृत्त न्यायाधीश. ते बोलायला लागले की समोरच्याने मुकाट्याने ऐकायचं, अशी आयुष्यभराची सवय. डॉक्टरांचे पेशंट खुर्चीत आ वासून पडलेले, त्यामुळे आपल्यालाही कोणी मधे तोडू शकतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. जेवायच्या टेबलावर दोघं एकदम सुरू होत आणि एकदम थांबत. आपलं म्हणणं समोरच्याला पटलं, अशी दोघांचीही मनापासून समजूत.

निवृत्तीनंतर सासऱ्यांनी विमान चालवायला शिकायचं मनावर घेतलं. मग जावई कसले मागे राहतात! दोघांनी एकाच क्लबात परवाने काढले. विमानं मात्र वेगळी. सासऱ्यांच्या विमानाचे पंख पायाखाली, म्हणजे वरचं सगळं आभाळ दिसणार आणि नेमकं खालचं दिसणार नाही. जावयाचे पंख डोक्यावर, त्यांचं सगळं याच्या उलट.

त्या रविवारी हवा इतकी सुरेख होती की क्लबातले झाडून सगळे वर गेले होते. शिकाऊ पोरं, ग्लायडरवाले, साबणाच्या जाहिरातीचं लांबलचक कापड ओढणारं एक विमान. टॉवरमधल्या बाई एकट्या सगळ्यांना रांगेत लावता लावता मेटाकुटीला आल्या होत्या.

डॉक्टरांनी धावपट्टीकडे तोंड वळवलं आणि रेडिओचं बटण दाबून सांगितलं, "उतरायला येतोय." नेमकं त्याच क्षणी सासऱ्यांनीही तेच सांगितलं. ज्याने बटण दाबलंय त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, आणि टॉवरला ऐकू येते ती नुसती चिरचिर.

"दोघं एकदम बोललात," बाई म्हणाल्या. "कोण आहात ते परत सांगा."

दोघांनी परत सांगितलं. एकदम.

दुसरा जो कोणी शहाणा असेल तो बाजूला होईल, असं डॉक्टरांनी ठरवलं आणि ते खाली यायला लागले. सासऱ्यांनीही तेच ठरवलं होतं.

आधी समोरच्या काचेवर सावली पडली. मग माळ्यावरून लोखंडी कपाट कोसळावं तसा दणका. डॉक्टरांनी डोळे गच्च मिटले. डोळे उघडले तर काचेसमोर इंजिनाचा एक वाकडा झालेला पंखा लोंबत होता आणि डाव्या पंखातून एक चाक खाली डोकावत होतं.

"टॉवर, माझ्या विमानावर काहीतरी बसलंय!"

"काहीतरी नाही," रेडिओवर ओळखीचा आवाज आला. "मी आहे."

तुझे बाबा माझ्या डोक्यावर बसलेत, ही तक्रार डॉक्टर लग्न झाल्यापासून बायकोकडे करत आले होते. आता पुरावा मिळाला, पण त्याचं सुख घ्यायला सवड नव्हती.

बाईंनी दुर्बीण लावली. नियम त्यांना तोंडपाठ होते, पण यात बसणारा एकही आठवेना. "मला बाकीच्यांना तुमच्यापासून लांब ठेवायचंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही एक विमान आहात की दोन? दोन असाल तर आधी तुम्हालाच एकमेकांपासून लांब करावं लागेल."

उत्तरादाखल चिरचिर आली.

"बरं, मी एक धरते. साहेब, तुमचं इंजिन बंद पडलंय. म्हणजे चालवणार डॉक्टर. पण एवढं ओझं घेऊन त्यांच्या एकट्याच्याने नाक वर येणार नाही. ते सांगतील तेव्हा तुम्हीही तुमची दांडी ओढायची. कळलं?"

"कळलं. परंतु मुळात या प्रकरणात अग्रक्रम कोणाचा होता, हा मुद्दा..." सासरे सुरू झाले. आणि बोलताना त्यांनी बटण दाबून धरलं होतं.

आता टॉवरचं तोंड बंद, जावयाचं तोंड बंद. धावपट्टी भराभर मोठी होत होती. डॉक्टर घसा फोडून ओरडले, पण ऐकतो कोण? शेवटी त्यांनी आग विझवायची नळकांडी उचलली आणि छतावर दणादणा हाणली.

न्यायालयात इतकी वर्षं हातोडा सासऱ्यांनीच आपटला होता. तो आवाज झाला की सगळ्यांनी गप्प व्हायचं, हे त्यांच्या हाडामांसात भिनलं होतं. ते गप्प झाले. बटणावरचं बोटही सुटलं.

"बाबा, ओढा!"

"ओढतो."

दोघांनी ओढलं. नाक कुरकुरत वर आलं, चाकं आपटली, उसळली, पुन्हा आपटली आणि फाकून बसली.

अग्निशमन दलाच्या शिडीवरून सासरे खाली उतरले. कोटाची बाही फाटली होती, बाकी खरचटलंही नव्हतं. "जावईबापू," ते म्हणाले, "बरं उतरवलंत."

"तुम्ही ओढलंत म्हणून," डॉक्टर म्हणाले.

पुढे चौकशी झाली. दोघं एकाच वेळी जबानी द्यायला लागल्यामुळे अधिकाऱ्याने त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. निष्कर्ष सरळ होते. एकाला खालचं दिसत नव्हतं, दुसऱ्याला वरचं. आणि जवळपास आणखी कोणी आहे हे कळूनही दोघांनी बाजूला व्हायचं काम दुसऱ्यावर सोडलं. टॉवरचं स्पष्ट उत्तर कानावर पडल्याशिवाय कोणी खाली यायचं नाही, असा क्लबाने नियम केला. दोघांचे परवाने काही काळ अडकवून ठेवले.

ते सगळं सासऱ्यांनी मान्य केलं. खटकली ती अहवालातली शेवटची ओळ. वरच्या विमानाची चाकं जमिनीला टेकलीच नाहीत, सबब लँडिंग एकच धरावं. म्हणजे कागदोपत्री न्यायाधीश अजून हवेतच होते. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी अपील केलं, आणि जावई आपणहून साक्षीदार म्हणून उभे राहिले.

अपील अजून चालू आहे. तारखेला दोघं मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसून जातात. गाडी डॉक्टरांची बायको चालवते.