साधं पाकीट

माझा फ्रिज मेला तेव्हापासून माझं इन्सुलिन शेजारी नणंदेकडे, वर्डेलकडे असतं. म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ तिचं तोंड बघणं आलं. सरकार कोरोनाची मदत म्हणून सगळ्यांना पाठवतंय ते पैसे आले की आधी फ्रिज घ्यायचा, एवढंच मी ठरवलं होतं.

वर्डेलचे पैसे तिच्या खात्यात केव्हाच जमा झाले. माझं खातंच नाही. होतं, पण शिल्लक कमी म्हणून बँकेने दंड कापला, दंडामुळे शिल्लक आणखी घटली, आणि शेवटी मलाच हाकललं. तेव्हापासून चेक आला की मी कोपऱ्यावरच्या दुकानात वटवते. दुकानदार आधी स्वतःचा लचका तोडून घेतो.

म्हणून मी चेकची वाट बघत बसले होते. आज पोस्टमनलाच अडवलं.

"मावशी, पुष्कळांना चेक नाही, पैसे भरलेलं कार्डच आलंय," तो म्हणाला. "साध्या पांढऱ्या पाकिटात."

नवऱ्याने क्रेडिट कार्डांवर उधळलेलं मी वर्षानुवर्षं फेडलंय. त्यामुळे आमच्या घरी टपालाने प्लॅस्टिक आलं की कात्री. वाचायचंसुद्धा नाही. गेल्याच आठवड्यात पायरीवर बसून एक कापलं होतं, आणि कचऱ्याची गाडी ते घेऊनही गेली.

दुपारभर सरकारी मदतीच्या नंबरवर फोन लावला. तिथलं यंत्र म्हणे, कार्डावरचे आकडे दाबा.

संध्याकाळी इन्सुलिनसाठी गेले तेव्हा वर्डेल स्वयंपाकघरात मक्याचा पाव खात उभी होती. मी झालेलं सांगितलं. तिला जराही नवल वाटलं नाही.

"नेब्रास्काचा शिक्का होता ना पाकिटावर?"

"तुला कसं माहीत?"

"माझ्या पोर्चवरून कापताना दिसत होतीस की. टीव्हीवर आदल्या रात्रीच दाखवलं होतं, नेब्रास्काहून असं पाकीट येईल म्हणून."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुला कोण शिकवणार, ऑर्लीन! माझ्या भावाला जन्मभर अक्कल शिकवलीस. म्हटलं, बाईसाहेबांना सगळं कळतं."

सटवी! पावासकट तिला खिडकीबाहेर भिरकावावंसं वाटलं. एकेक शिवी ओठांवर आली होती. पण ती फ्रिजच्या दाराला टेकून उभी होती आणि हलत नव्हती.

"वर्डेल, जरा सरकतेस का?"

"प्लीज म्हण."

म्हटलं.