मधल्या रेषेसमोरची जागा

क्लबचं पत्र आलं तेव्हा ती एका पँटची चेन बदलत होती आणि तिच्या ओठांत टाचण्या होत्या. पत्र वाचल्यावर जी शिवी तोंडात आली ती तशीच गिळावी लागली. टाचण्या गिळल्या नाहीत, एवढंच नशीब.

पत्र मोठं गोड होतं. सन्माननीय प्रेक्षक, या मोसमापासून पूर्वेकडच्या गॅलरीतली सातव्या रांगेतल्या मधल्या जागा परदेशी पाहुण्यांसाठी राखीव ठेवल्या आहेत, तुमची सोय गोलपोस्टमागच्या गॅलरीत केली आहे, सहकार्याबद्दल आभार. सहकार्य अजून कुणी केलं नव्हतं, पण आभार आगाऊच मानून टाकले होते.

"काय गं ठमे, कुणाचं पत्र?" खिडकीपाशी बसलेल्या दादाने विचारलं. ती चौपन्न वर्षांची झाली होती, केस पांढरे झाले होते, पण मोठ्या भावासाठी ती ठमीच.

तिने टाचण्या काढून ठेवल्या आणि वाचून दाखवलं. दादाने चेहरा तिच्याकडे वळवला. मग म्हणाला, "गोलच्या मागे म्हणजे गोल तरी जवळून दिसेल."

"कुणाला?"

"तुला."

"एक दिसेल. दुसरा तिकडे शंभर मीटरवर. तिथे माणसं आहेत की मुंग्या, कळायचं नाही. मला दिसलं नाही तर तुला काय दिसणार, माझं कपाळ?"

दादा वीस वर्षं लाइन्समन होता. हातात झेंडा घेऊन रेषेवरून धावायचं, ऑफसाइड दिसला की झेंडा वर करायचा, आणि अर्ध्या मैदानाच्या शिव्या खायच्या. 'आंधळा आहेस का रे!' ही त्यातली सगळ्यात सभ्य. पुढे डोळ्यांचा आजार निघाला, कडेकडेने दिसेनासं होत गेलं आणि एक दिवस मधलंही गेलं. तेव्हा दादाच म्हणाला होता, "वीस वर्षं एवढी माणसं एका सुरात ओरडली, वर ऐकू जाणारच होतं." विनोद केला आणि त्यानंतर आठ महिने खोलीबाहेर पाऊल टाकलं नाही.

तिनेच एका दुपारी त्याला हाताला धरून मॅचला नेलं. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. चेंडू एक आणि त्यामागे बावीस जण, एवढंच ज्ञान. पण दादा म्हणाला, "सांग, काय चाललंय," आणि तिने तिला येत होतं त्या भाषेत सांगायला सुरुवात केली. जन्म शिलाई मशीनवर गेलेला. "आपले धावदोरा घालतायत रे. याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून याच्याकडे, बारीक बारीक टाके. आता एकाने दोरा ओवला. पिवळ्यांची मधली शिवण उसवली दादा, उसवली! बटण काजापर्यंत गेलं... आणि बाहेरून घसरलं." दादा आठ महिन्यांनी हसला. त्याला सगळं लख्ख दिसलं होतं.

त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. ऑफसाइड समजायला तिला त्यातली दोन लागली. 'दोरा यायच्या आधी सुईने पलीकडे जायचं नाही,' असं दादाने सांगितलं तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. तिची भाषा मग शेजाऱ्यांनीही उचलली. समोरच्यांचा बचाव फुटला की अख्खी सातवी रांग एका दमात ओरडायची, "उसवलंऽऽ!" मागे बसणारा प्लंबर तर म्हणायचा, "ताई, तुम्ही नसलात तर मला डोळे असून मॅच कळत नाही."

हे सगळं चाले ते बाकावरच्या बारा आणि तेरा नंबरवर. मैदानाच्या मधल्या रेषेच्या अगदी समोर. तिथून दोन्ही गोल सारखे दिसत.

दुसऱ्या दिवशी ती क्लबच्या ऑफिसात गेली. सेक्रेटरी तरुण होता, शर्टाला कडक इस्त्री, भिंतीवर गॅलऱ्यांचा रंगीत नकाशा. सातव्या रांगेचा मधला पट्टा नारिंगी झाला होता.

"बसा ना मॅडम. अहो, हे लोक सातासमुद्रापलीकडून येतात. शहर बघतात, वस्तुसंग्रहालय बघतात आणि आता त्यांना आपली मॅच बघायचीय. केवढा मान आहे!"

"येऊ देत की. आम्ही पण दोन बस बदलून येतो."

"ते एकदाच येणार. त्यांना नीट दिसायला हवं."

"पाहुण्याला गादी द्यावी, मला मान्य आहे. म्हणून घरच्या माणसाला कुणी गच्चीवर नेऊन टाकत नाही."

सेक्रेटरी हसला. मग आवाज खाली आणून, अगदी समजुतीने म्हणाला, "आणि हे बघा, राग मानू नका. दादांना काय, कुठूनही सारखंच ना?"

ती उठून उभी राहिली. "त्याचे डोळे माझ्या कपाळाखाली आहेत. ते कुठे बसायचे ते मी ठरवते."

शनिवारी दोघं तासभर आधीच गेली. पासवर नवी गॅलरी छापली होती, पण गेटवरच्या माणसाला अकरा वर्षांची सवय. त्याने पासाकडे न बघताच "या दादा" म्हटलं. ती बारावर बसली, दादा तेरावर. तिने थर्मास पायाशी ठेवला आणि पदर खोचला.

थोड्या वेळाने कापड फडफडल्याचा आवाज आला. दादाने कान टवकारले. "लाइन्समन इकडे कुठे आला?"

"लाइन्समन नाही. एक गाइड मुलगी आहे, काठीला नारिंगी झेंडा लावलाय. मागे दहा-बारा जण, गोरे, घामाघूम. आणि दादा, गळ्यात मफलर घातलेत. अर्धा हिरवा, अर्धा पिवळा."

"म्हणजे?"

"म्हणजे अर्धे आपले, अर्धे त्यांचे. मधे एक जोड दिलाय, तोही कच्चा."

"मग हरतंय कोण, हे त्यांना घरी जाऊन कळणार."

गाइडने हातातले कागद पाहिले, बाकावरचे आकडे पाहिले. "मावशी, बारा-तेरा या आजी-आजोबांच्या आहेत. तुमचा काही तरी घोटाळा झालाय."

"घोटाळा झालाय खरा. माझा नाही."

"उठता का प्लीज?"

"नाही."

इतका छोटा शब्द तिने इतक्या मोठ्याने कधी उच्चारला नव्हता. पुढच्या रांगेतली माणसं मागे वळली. परदेशी आजोबा उंच, वाकलेले, हातातलं तिकीट पंख्यासारखं धरून ओशाळे उभे होते. त्यांच्यावर राग काढावा तर कसा? राग पत्त्यावर पोचवावा लागतो, वाटेत भेटेल त्याला देऊन चालत नाही.

प्लंबरनेच तोडगा काढला. "सरका रे सरका! अर्ध्या अर्ध्या ढुंगणावर बसा सगळे. नव्वद मिनिटांत कुणाची झीज होत नाही." रांग कुरकुरत, हसत सरकली. आजी तिच्या या बाजूला दाटल्या, आजोबा दादाच्या पलीकडे. बाराची आणि तेराची जागा मात्र जिथल्या तिथे राहिली.

मॅच सुरू झाली. तिने आवाज लावला. "आपल्या सातने चेंडू घेतला. धावदोरा, धावदोरा... हा बघ, दोन नंबर उगाच झालर लावतोय, दे की बाबा पुढे... दिला! ओवला! उसवलंऽऽ!" रांग गरजली. आजोबांनी गाइडला काहीतरी विचारलं. पोरीने अडखळत उत्तर दिलं. तिलाही नीट कळलं नव्हतं. बचाव फुटला की हे ओरडतात, एवढं तिने सांगितलं. कुणाचा, ते सांगायचं राहून गेलं.

आजोबा खूश झाले. शब्द घोळवत बसले. आणि विसाव्या मिनिटाला पिवळे सुसाट आले, हिरव्यांचा बचाव फाटला, ठमी सांगायचं विसरून बघतच राहिली, तेव्हा दादाच्या कानाशी आजोबा सगळ्या ताकदीने ओरडले, "उसाव्ला!"

दादा ताडकन उठला. दोन्ही हात वर, चेहरा आभाळाकडे, "गोऽऽल!" चेंडू जाळ्यात होता, पण आपल्याच. अख्खी गॅलरी मेल्यासारखी गप्प आणि त्यात एकटा दादा शत्रूचा गोल साजरा करतोय. मग कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

तिने त्याचा हात धरून खाली बसवलं. "आपल्यावर झाला रे."

दादाचे कान लाल झाले. या मैदानावर त्याने आयुष्यभर शिव्या खाल्ल्या होत्या, हसू झालं नव्हतं. आजोबा त्याच्या बाहीला हात लावून पुटपुटत होते. शेवटी दादाने चाचपडत त्यांचा मफलर पकडला.

"ठमे, हिरवं टोक कुठलं?"

तिने त्याच्या मुठीत दिलं.

"हे आपण," दादा आजोबांना म्हणाला. "ते टोक म्हणजे ते. ते उसवले की ओरडायचं. आपण उसवलो की गप्प बसायचं. घरातली गोष्ट घरात." गाइडने भाषांतर केलं. आजोबांनी मान हलवली, ती दादाला दिसली नाही. मग त्यांनी त्याचा हात दाबला, तो कळला.

मध्यंतराला सेक्रेटरी पायऱ्या उतरत आला. ती भांडायच्या तयारीत होती, पण तो हसतच आला.

"मॅडम, मी वरून बघत होतो. काय रंगत आणलीत! सगळे पाहुणे तुमचे व्हिडिओ काढतायत. माझं ऐका, तुम्ही इथेच बसा, दर मॅचला. बारा-तेरा तुमच्या. फक्त पाहुण्यांच्या टूरमध्ये तुमचं नाव घालू. एक छोटा माइक, क्लबचा शर्ट. अस्सल अनुभव! आणि दादांनी ते मघाचं करायचं."

"मघाचं कुठलं?"

"ते चुकून उठले ना, हात वर करून. फार आवडलं लोकांना. एकदाच, पहिल्या हाफमध्ये."

प्लंबरने तोंडातलं बिस्किट चावायचं थांबवलं. दादा हळू आवाजात म्हणाला, "जाऊ दे ठमे. जागा मिळतेय. उठेन मी एकदा, त्यात काय."

तिला तेवढंच ऐकायचं राहिलं होतं. माणसाला खोलीतून बाहेर काढायला तिला आठ महिने लागले होते. हा इस्त्रीवाला त्याला दर शनिवारी उठवून बसवणार होता.

"साहेब," ती म्हणाली, "मी माझ्या भावाला मॅच सांगते. शेजारपाजारच्यांच्या कानावर पडतं, ते पडो. तो गोल झाला की उठेल, नाही झाला तर बसेल. चुकला तर स्वतःचं चुकेल, तुमच्या नाटकाच्या घंटेवर नाही."

"मग पुढच्या शनिवारपासून गोलमागे. गेटवर सांगून ठेवतो."

"लिहून द्या."

"काय?"

"बारा आणि तेरा आमच्या आहेत म्हणून. माइक नाही, शर्ट नाही, काही न करता."

"काही न करता?"

"प्रेक्षक बसतो. तेवढंच करतो."

"आणि नाही दिलं लिहून तर?"

"तर आम्ही उठत नाही."

सेक्रेटरी मोठ्याने हसला आणि निघून गेला. त्याला वाटलं, बाई नुसतं बोलतेय.

दुसऱ्या हाफमध्ये आपल्यांनी एक गोल केला. आजोबा बरोबर वेळेला ओरडले, दादा सगळ्यांच्या आधी उठला. पिवळ्यांनी मात्र आणखी दोन केले. तीन-एक. शिट्टी वाजली, लोक खेळाडूंना आणि त्यांच्या आयांना नावं ठेवत पायऱ्या उतरू लागले. नारिंगी झेंडा वर झाला. आजोबांनी विचारलं, ही दोघं का उठत नाहीत? गाइडने सांगितलं तसे तेही परत बसू लागले, पण आजींनी दंडाला धरून उभं केलं. त्यांची बस होती. जाताना ते दोनदा मागे वळले.

"तुम्ही जा हो," ती प्लंबरला म्हणाली.

"कुठे जाऊ? आज एकच नळ दुरुस्त केला, तोही गळतोय. घरमालक शोधत असेल." त्याने पाय लांब केले. त्याच्या मागच्या रांगेतले चौघे उभे होते. ते एकमेकांकडे बघत खाली बसले.

झाडूवाली वरच्या रांगेपासून कागदाचे कप ढकलत आली. "ताई, पाय वर." तिने पाय वर घेतले. झाडूवालीने खालून झाडलं. काही विचारलं नाही, फक्त बाराच्या आणि तेराच्या पुढची जागा जरा जास्तच स्वच्छ केली.

"सांग," दादा म्हणाला.

"काय सांगू? मॅच संपली."

"चाललंय ते सांग."

तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि त्याच्या हातात दिला. "माळी पाइप ओढतोय. जाळी सोडवतायत. पलीकडच्या गॅलरीवर ऊन आहे, इकडे नाही. कावळे उतरलेत. गेटवाला कुलूप घेऊन उभा आहे आणि आपल्याकडे बघत डोकं खाजवतोय. आता सेक्रेटरी आला. गेटवाल्याशी बोलतोय. गेटवाला हात हलवतोय, म्हणजे मी काय करू म्हणतोय. सेक्रेटरीने फोन लावला. फोन ठेवला. आता येतोय."

"एकटाच?"

"एकटाच. पायऱ्या चढतोय. शर्टाची इस्त्री गेली."

"हातात काय आहे? कागद?"

तिने डोळे बारीक करून पाहिलं. "फोन आहे. कागद नाही."

दादाने चहाचा घोट घेतला आणि पाठ मागे टेकली. "मग बसून राहा."